यीस्टला भात पचत नाही, मग तांदळाची दारू बनते कशी?

शिजवलेल्या भातात यीस्ट मिसळा, बरणी झाका, चार दिवसांत 'राईस वाइन' तयार! अशी रील तुमच्याही समोर आली असेल. तिच्यात एक महत्त्वाची पायरी गाळलेली असते. पावासाठी आपण जे यीस्ट आणतो, ते साखर खातं. स्टार्च त्याला पचत नाही. आणि भातात जवळपास सगळा स्टार्चच असतो, म्हणजे ग्लुकोजच्या कणांच्या लांबच लांब माळा. त्या आधी कुणीतरी तोडाव्या लागतात.

बिअर बनवताना हे काम मोड आलेली बार्ली करते. पूर्व आशियात आणि हिमालयात ते सूक्ष्मजीवांवर सोपवलं गेलं आणि त्यांना वाळवून साठवण्याची युक्ती शोधली गेली. चीनमध्ये 'छू', कोरियात 'नुरुक', इंडोनेशियात 'रागी' (ही रागी म्हणजे नाचणी नव्हे), मणिपूरमध्ये 'हामेई', सिक्कीम-दार्जिलिंग आणि नेपाळमध्ये 'मर्चा'. थोडक्यात, हे सगळं विरजणच, फक्त कोरडं.

मर्चा बहुतेक करून लिंबू आणि राई समाजातल्या स्त्रिया बनवतात. भिजवलेला तांदूळ कुटायचा, त्यात आलं, मिरची, काही रानवनस्पती (त्यात आपल्याकडच्या चित्रकाचं मूळही असतं) आणि जुन्या मर्चाची चिमूटभर पूड घालायची. चपट्या वड्या थापून नेच्याच्या पानांवर ठेवायच्या, झाकायच्या, फुगल्या की उन्हात वाळवायच्या. नाचणी शिजवून त्यात ही पूड मिसळली की 'जाँड' तयार होतं.

मग जिवाणू नेमकं काय करतात?

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं श्रेय जिवाणूंना देणं चुकीचं ठरेल. मर्चात स्टार्च तोडण्याचं मोठं काम करतात बुरशी आणि 'सॅकॅरोमायकॉप्सिस' नावाचं एक वेगळ्या जातीचं यीस्ट. तिथले लॅक्टिक जिवाणू मुख्यतः आंबटपणा आणतात.

चित्र बदलतं ते चीनच्या 'ता-छू'मध्ये. ही गव्हाची विटेएवढी ठोकळी. एकावर एक रचली की ती आतून तापतात. काही प्रकारांत तापमान ६० अंशांच्या वर जातं. त्या उष्णतेत बहुतेक बुरशी आणि यीस्ट तग धरत नाहीत. उरतात बॅसिलस कुळातले जिवाणू, कारण ते स्वतःभोवती टणक कवच तयार करून बीजाणूच्या रूपात पडून राहतात. त्यातल्या एकाचं नावच 'बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स', म्हणजे स्टार्च पातळ करणारा.

नाव अगदी चपखल आहे. या जिवाणूंचं अल्फा-अमायलेज हे विकर स्टार्चची माळ मधेच कुठेही कापतं. त्यामुळे घट्ट खळ पटकन पातळ होते, पण सगळ्याची साखर होत नाही. बुरशीचं ग्लुकोअमायलेज टोकाकडून एकेक मणी सुटा करतं. पहिल्याने माळेचे जितके तुकडे केले, तितकी जास्त टोकं दुसऱ्याला मिळतात. मग साखर आयती मिळालेलं यीस्ट तिचं अल्कोहोल करतं.

घरी करून पाहावं का?

भात नुसता उघडा ठेवून 'नैसर्गिक जिवाणू' पकडायचा सल्ला देणाऱ्या रील्सपासून सावध राहा. याच कुळातला बॅसिलस सेरेयस उबेत राहिलेल्या शिळ्या भातात वाढतो. त्याचं उलट्या घडवणारं विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. मर्चात जुन्या वडीची पूड घालतात ती याचसाठी कामाची: ओळखीचे सूक्ष्मजीव सुरुवातीलाच संख्येने जास्त असतात आणि आंबटपणा लवकर वाढतो. धोका त्याने कमी होतो, शून्य होत नाही.

आणि हे विकर तुमच्या घरात बहुधा आधीच आहे. बॅसिलसकडून मिळवलेलं अल्फा-अमायलेज अनेक कपड्यांच्या पावडरींत असतं. शर्टावर सांडलेल्या वरणभाताचा डाग तेच सोडवतं.