फ्रेंच कायद्यातील ‘कुटुंबप्रमुख’

कायद्यातून एखादा शब्द गेला म्हणजे त्यामागील सत्ताही गेली, असा समज होणे स्वाभाविक आहे. फ्रान्सच्या कुटुंबविषयक कायद्याचा इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. १८०४ च्या नागरी संहितेने पत्नीवर पतीच्या आज्ञापालनाचे बंधन घातले होते. ते १९३८ साली काढून टाकण्यात आले. परंतु पती ‘शेफ द फामीय’, म्हणजे कुटुंबप्रमुख, राहिलाच. निवासस्थान ठरविण्याचा हक्क त्याचा, आणि पत्नीच्या स्वतंत्र व्यवसायास हरकत घेण्याचाही त्याचाच. १९४४ साली फ्रेंच स्त्रीला मताधिकार मिळाला. म्हणजे जी देशाचे कारभारी निवडू शकत होती, तिच्या नोकरीच्या आड घरचा कारभारी १९६५ च्या कायद्यापर्यंत येऊ शकत होता!

४ जून १९७० च्या कायद्याने कुटुंबप्रमुखपद रद्द केले व ‘प्युइसांस पातेर्नेल’ऐवजी ‘ओतोरिते पारांताल’ ही संज्ञा आणली. येथे दोन्ही पदे बदलली आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. पित्याच्या जागी मातापिता आले, हा बदल उघडच आहे. पहिल्या पदातील बदल अधिक सूक्ष्म आहे. ‘प्युइसांस’मध्ये रोमन कायद्यातील पितृसत्तेचा वारसा व बळाची छटा आहे, ‘ओतोरिते’त अपत्याच्या हितासाठी चालवावयाचा अधिकार अभिप्रेत आहे. मराठी अनुवादात दोहोंना ‘अधिकार’ म्हटल्यास हा भेद पुसला जातो. पहिल्यास ‘सत्ता’च म्हणणे इष्ट.

इतके होऊनही अपत्यांच्या मालमत्तेचा कारभार सामान्यतः पित्याकडेच राहिला. त्यातील समानता येण्यास २३ डिसेंबर १९८५ चा कायदा व्हावा लागला.