सूक्ष्मदर्शकाचा तासाचा भाव

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकावर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्र हसतील. दहावीपर्यंत कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून पेशी पाहिल्या, एवढाच माझा त्या यंत्राशी परिचय. पण गेल्या दिवाळीत सुरतेला मामांकडे गेलो आणि तेथे एक हिशेब डोक्यात शिरला.

मामा उधन्याला राहतात. मामेभाऊ वराछा भागात हिऱ्यांच्या एका लहान कारखान्यात कामाला जातो. मालकाकडे अवघ्या चार घंट्या. हिऱ्याला पैलू पाडण्याच्या चाकाला तेथे घंटी म्हणतात. कच्चा हिरा कसा कापला असता घट कमी येईल हे दाखविणारे सरीन यंत्र घेण्याची मालकाची ऐपत नाही. त्याचे काही अडत नाही. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडे पुडी घेऊन जायचे, मजुरी द्यायची आणि परत यायचे. याला सुरतेत ‘जॉबवर्क’ म्हणतात. मी विचारले, “यंत्रवाल्याला हे परवडतं कसं?” भाऊ म्हणाला, “दिवसभर चाललं तर परवडतं. रिकामं बसलं की तो रडतो.”

संशोधनातील महागड्या सूक्ष्मदर्शकाची गोष्ट याहून निराळी नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाला मर्यादा आहे ती भिंगाची नव्हे, प्रकाशाची. मिलिमीटरचे पाच हजार भाग केले, तर त्यातील एका भागाहून जवळ असलेले दोन ठिपके त्याला वेगळे दाखविता येत नाहीत. त्यापलीकडे पाहावयाचे तर प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरावा लागतो. एखाद्या मुलाच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून पाहावा, तर एका आजारात तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ निरोगी दिसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र गाळणीवरील पेशींचे पाय सपाट झालेले दिसतात. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिला कोरोनारुग्ण निश्चित झाला. त्याच रुग्णाच्या घशातील नमुन्यातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्या विषाणूचे चित्र टिपले, तेही याच जातीच्या यंत्राने.

सुरतेला अशा तपासणीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची बातमी फुटली तेव्हा मामी नवी नवरी होती. दोघे एका पिशवीनिशी उधन्याहून गाडीत बसली आणि नंदुरबारला उतरली. लक्षावधी माणसे शहर सोडून गेली, कारखाने बंद पडले. प्लेगचा जंतू साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतो; पण दिसणे निराळे आणि तो तोच आहे हे सिद्ध होणे निराळे. हा आजार खरोखर प्लेगच होता काय, यावर पुढे कितीतरी दिवस वाद चालला. जंतूच्या जनुकांवरून तो प्लेगचाच असल्याचा निर्वाळा देणारा शोधनिबंध २००० साली प्रसिद्ध झाला.

आता प्रत्येक शहराने कोट्यवधींचे यंत्र घ्यावे काय? हे शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. हे ओळखून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकातच सामाईक उपकरण केंद्रे काढण्यास सुरुवात केली. मुंबईच्या आय.आय.टी.त असे केंद्र आहे, दिल्लीच्या एम्समध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांचे आहे. सुरतेहून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर वल्लभ विद्यानगरला ‘सिकार्ट’ आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही अशी केंद्रे आहेत. म्हणजे या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांची सोय झाली! नमुना पाठवावा, शुल्क भरावे. देशात कोणते यंत्र कोठे आहे हे सांगणारे ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले.

मग अडते कोठे? येथे वाणिज्याचे काम लागते. समजा, यंत्र चार कोटींचे आहे. दहा वर्षांत ते झिजेल असे धरले तर वर्षाचा घसारा ४० लाख. देखभालीचा करार किमतीच्या आठ टक्के धरला तर ३२ लाख. चालविणाऱ्या तज्ज्ञाचा पगार, वीज आणि अहोरात्र चालणारी वातानुकूलन यंत्रणा मिळून १८ लाख. एकूण ९० लाख. वर्षाला १,८०० तास काम मिळाले तर तास पडला ५,००० रुपयांना. कामच ६०० तासांचे आले तर तोच तास १५,००० रुपयांचा! खर्च जवळजवळ तेवढाच, कारण यंत्र बसून राहिले म्हणून तज्ज्ञाचा पगार थांबत नाही. भाव चढला की गिऱ्हाईक घटते आणि गिऱ्हाईक घटले की भाव आणखी चढतो.

सरकारने यंत्र दिले म्हणून घसारा सोडून द्या. तरी वर्षाचे ५० लाख उरतातच. भरपूर काम असतानाही तासाला सुमारे २,८०० रुपये. हे कोणी भरावयाचे? अनुदान देणाऱ्याला फीत कापता येते ती नव्या यंत्राची. देखभालीच्या कराराची फीत कोणी कापल्याचे मी तरी ऐकलेले नाही. प्रकल्प तीन-पाच वर्षांत संपतो, यंत्र मात्र त्यानंतर म्हातारे होऊ लागते. पूर्ण खर्च शुल्कातून वसूल करावा म्हटले तर औषध कंपनी देईल, परंतु शिष्यवृत्तीवर जगणारा एम.एस्सी.चा विद्यार्थी नमुना पिशवीत घालून घरी जाईल. म्हणून मुंबईच्या केंद्रात उद्योगांना एक दर आणि शैक्षणिक संस्थांना दुसरा, कमी दर असतो. मला ही पद्धत रास्त वाटते. मात्र ती तूट भरून काढण्याची तरतूद यंत्र खरेदीच्या मंजुरीतच, पुढील दहा वर्षांसाठी, लिहिलेली असावी.

दुसरी बाब वेळेची. यंत्र ज्याच्या अंगणात त्याचा नंबर पहिला, हा मनुष्यस्वभाव आहे. ‘साथी’ नावाच्या नव्या केंद्रांच्या योजनेत ८० टक्के वेळ बाहेरच्यांसाठी ठेवावा, अशी अपेक्षा घातली आहे. हे मला पैशाइतकेच महत्त्वाचे वाटते.

आपल्या महाविद्यालयातील विज्ञान विभागाला वर्षाला ४० तास पुरतील असे धरू. सवलतीचा दर तासाला हजार रुपये धरला तर ४०,००० रुपये झाले. कोल्हापूर काय किंवा धारवाड काय, एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचे बिल मी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून पाहिले आहे. ते याहून मोठे होते.