इनामगावची माहिती इनामगावला कोण देणार?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगावचे नाव भारतीय पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला नवे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंतच्या एका शेतकरी वस्तीचे चित्र उजेडात आले. सव्वाशेहून अधिक घरे, धान्याचे कोठार, नदीचे पाणी वळविण्यासाठी काढलेला पाट, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरलेली माणसे, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेला कोणी एक मानाचा पुरुष! अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात सर्वांत बोलकी वाटते ती शेवटच्या कालखंडाची हकीगत. पाऊसमान घटत गेले तशी शेती आक्रसली, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेरीस वस्ती उठली. अवर्षणाने एखादे गाव कसे खालावत जाते याचे इतके जुने आणि इतके तपशीलवार उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल.

धवलीकर, सांकलिया आणि अन्सारी यांनी सिद्ध केलेला या उत्खननाचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत आहे, तज्ज्ञांसाठी आहे आणि जाडजूड आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही; शास्त्रीय अहवाल असाच असावयाचा. परंतु ज्या पांढरीच्या टेकाडावर हे सर्व सापडले, त्याच्या आसपास वाढणाऱ्या मुलाला आपल्या गावाविषयी काही जाणून घ्यावेसे वाटले तर त्याने काय करावे? आज तो खिशातला फोन काढतो. तेथे त्याला जे मिळते त्यात खरे, अर्धे खरे आणि निव्वळ कपोलकल्पित अशा तिन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगितलेल्या असतात. त्यांतून निवड करून देणारा माणूस ही ग्रंथालयाची खरी देणगी होय, आणि नेमक्या याच माणसाचा आपल्या व्यवस्थेला विसर पडला आहे.

या पट्ट्यातील एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या सेवकाशी गेल्या काही वर्षांत प्रस्तुत लेखकाचा परिचय झाला. सकाळी ते दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहितात आणि संध्याकाळी ग्रंथालय उघडतात. २०२० च्या टाळेबंदीत ग्रंथालये बंद झाली. राज्यात ती पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली ती ऑक्टोबरच्या मध्यास. या मधल्या काळात त्यांनी वर्गणीदारांचा व्हॉट्सॲपवर एक गट केला. नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे त्यावर टाकावयाची, कोणाला काय हवे ते विचारावयाचे आणि पुस्तक ठरलेल्या जागी ठेवून द्यावयाचे, एवढाच साधा बेत होता. महिन्याभरात त्या गटावर सुप्रभातीची फुले, वाढदिवसांचे फलक आणि राजकीय पुढाऱ्यांची भाषणे यांचा असा पूर आला की पुस्तकाची चौकशी त्यात वाहून जाऊ लागली. मग त्यांनी केवळ स्वतःलाच संदेश टाकता येईल अशी व्यवस्था केली. त्यावर दोघे-तिघे रुसून गट सोडून गेले. गावात हे प्रकरण आठवडाभर चघळले गेले म्हणतात.

फेसबुकवर ग्रंथालयाचे पान काढण्याचा प्रयोग त्यांनी केला. तो फारसा चालला नाही. पसंतीचे अंगठे बरेच उमटले, पण पुस्तक न्यावयास कोणी आले नाही. याउलट एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट फार उपयोगी ठरली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले कोणत्या पुस्तकाची चौकशी करतात याची ते फोनवरच एका तक्त्यात नोंद ठेवू लागले. पुढच्या खरेदीच्या वेळी त्यांनी तो तक्ता कार्यकारिणीपुढे ठेवला आणि कोणाच्या तरी आवडीनिवडीऐवजी प्रथमच वाचकांच्या मागणीनुसार पुस्तके आली. मागणीचा अंदाज घेणे यालाच आम्ही वर्गात मोठमोठी नावे देतो.

ग्रंथांची यादी संगणकावर आणणे मात्र त्यांना जड गेले. पूर्वी कोणीतरी निम्मी यादी जुन्या पद्धतीच्या एका मराठी टंकात करून ठेवली होती. ती दुसऱ्या यंत्रावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा बुजबुजाट दिसे. युनिकोड म्हणजे काय, जुना मजकूर त्यात कसा रूपांतरित करावा, केल्यावर जोडाक्षरे का मोडतात, हे सारे त्यांनी रात्री जागून स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशाने शिकून घेतले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली ई-ग्रंथालय ही प्रणाली सार्वजनिक ग्रंथालयांसाठी उपलब्ध आहे. परंतु तीत माहिती भरावयाची म्हणजे प्रत्येक ग्रंथ हातात घेऊन लेखक, प्रकाशक, वर्ष आणि विषय नोंदवावयाचा. पाच हजार ग्रंथ असतील तर पाच हजार वेळा हे करावयाचे. पुस्तकामागे पाच मिनिटे धरली तरी चारशेहून अधिक तास झाले.

या चारशे तासांचे मूल्य कोणी द्यावयाचे? येथे प्रश्नाच्या मुळाशी आपण येतो. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेल्या शासनमान्य ग्रंथालयांना परिरक्षण अनुदान मिळते. अशी ग्रंथालये राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. देशात फार थोड्या राज्यांना इतका विस्तार साधला आहे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात साठ टक्के वाढ केली, तेव्हा गावपातळीवरील ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजार रुपयांवरून ४८ हजार झाले. अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर खर्च करावयाचा असतो. म्हणजे वर्षाला २४ हजार आणि महिन्याला दोन हजार रुपये. यात पुढे काही भर पडली तरी हिशेबाची जात बदलत नाही. महाविद्यालयातील ग्रंथपाल सातव्या वेतन आयोगानुसार ५७ हजार ७०० रुपयांच्या मूळ वेतनावर रुजू होतो. त्याचे वेतन अवाजवी आहे असे मुळीच म्हणावयाचे नाही. अध्यापकाने तर ते म्हणूच नये. पण एकाच शास्त्राची दोन कामे करणाऱ्यांत असा अठ्ठावीस-एकोणतीस पटींचा फरक असेल, तर दोन हजारांवर काम करणाऱ्याकडून आपण नेमके काय मागतो आहोत याचा विचार करावयास हवा. प्रभा राव समिती आणि व्यंकप्पा पत्की समिती यांच्या शिफारशींचा दाखला ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षे देत आले आहेत. तो त्यांना अजूनही द्यावा लागतो, यातच सारे आले.

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो. नवी साधने फुकट आहेत, सर्वांच्या हाती फोन आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. मग गावात ग्रंथालयाचे आणि त्यातील माणसाचे प्रयोजन काय? हा युक्तिवाद करणारे एक साधी गोष्ट विसरतात. अर्थशास्त्रात काही वस्तू एकमेकींना पर्याय असतात, तर काही परस्परपूरक असतात. चहा स्वस्त झाला तर कॉफीची मागणी घटेल; पण चहा स्वस्त झाला तर साखरेची मागणी वाढते. इंटरनेट हे ग्रंथपालाला पर्याय आहे असे आपण गृहीत धरले आहे. अनुभव मात्र असा की ते पूरक आहे. माहिती जितकी मुबलक, तितकी ती निवडून देणाऱ्याची गरज अधिक. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पंचसूत्रे मांडली, त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. ते लिहिताना त्यांच्यासमोर मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयातील कपाटे होती, पण ते अधिक लागू पडते ते आजच्या पडद्याला.

शिवाय ‘फुकट’ या शब्दाचीही थोडी चिकित्सा हवी. जगभरची ग्रंथालये आज कोहा नावाची जी मुक्त संगणकप्रणाली वापरतात, तिचा जन्म न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण विभागाच्या ग्रंथालयात झाला. १९९९ मध्ये, सन २००० उजाडताच जुनी प्रणाली कोलमडेल हे ध्यानी आल्यावर, त्या ग्रंथालयाने पैसे मोजून नवी प्रणाली करून घेतली आणि मग ती जगाला देऊन टाकली. कोहा याचा माओरी भाषेतील अर्थच मुळी देणगी असा आहे. ती आपल्याला विनामूल्य मिळते, कारण तिकडे कोणीतरी कोणाच्या तरी श्रमाचा मोबदला दिला होता.

दूर कशाला जावे? बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन या तज्ज्ञास आणवून ग्रंथालयांचे जाळे उभारले, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरविल्या. आज आपल्याला त्या पेट्या आठवतात. पण १९११ मध्येच तेथे ग्रंथालय सेवकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला होता, हे सहसा आठवत नाही. पेटीबरोबर ती उघडून दाखविणारा माणूस तयार करावा लागतो, हे एका संस्थानिकाला शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.

प्रशिक्षणाअभावी काय होते याचेही उदाहरण देता येईल. मराठी कादंबऱ्यांच्या आणि चरित्रांच्या चोरट्या प्रती आज फोनवरून सर्रास फिरतात. वर्गणीदार त्या ग्रंथालयाच्या गटावर टाकतात आणि वर ‘वाचनसंस्कृती वाढली पाहिजे’ असा शेराही मारतात! आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तेव्हा त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. इरावती कर्वे १९७० मध्ये गेल्या, त्यांचे ‘युगान्त’ २०३१ उजाडेपर्यंत तसे नाही. कोणते पुस्तक वाटावे आणि कोणते वाटू नये हे सेवकाला ठाऊक हवे. आमच्या परिचयाच्या सेवकाने हे शोधून काढले आणि तशी सूचना गटावर लावली. पण हे ज्ञान त्यांना कोणा अधिकाऱ्याने किंवा कोणत्या वर्गाने दिलेले नव्हते.

मग करावे काय? अनुदानात सरसकट वाढ हवीच, तथापि तिची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. अनुदानात संगणकीय नोंदणीसाठी ग्रंथामागे ठरावीक रक्कम स्वतंत्रपणे धरावी आणि ती काम करणाऱ्याच्या हाती पडावी. तालुक्याच्या अ वर्ग ग्रंथालयाकडे भोवतालच्या गावांतील सेवकांचे वर्षातून आठवडाभराचे प्रशिक्षण सोपवावे. भत्ता मात्र द्यावा, कारण दुसरे काम बुडवून येणाऱ्याचा तो रोजगार असतो. आणि प्रत्येक तालुक्याने आपल्याविषयी आजवर जे लिहिले गेले आहे त्याची एक यादी करावी. गॅझेटियर, उत्खननाचे अहवाल, ग्रामपाहण्या, नियतकालिकांतील लेख, काय कोठे आहे आणि त्यातील काय विनामूल्य वाचता येते, एवढेच त्यात असावे. महाविद्यालयांतील आम्हा मंडळींना या कामात हातभार लावणे अवघड नाही. आम्ही तो आजवर लावलेला नाही.

शिरूरची यादी करावयाची तर इनामगावशेजारीच आणखी एक नाव येईल. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी दख्खनच्या खेड्यांच्या दोन पाहण्या केल्या. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेली पहिली पाहणी पिंपळे सौदागरची. तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मधील ४० एकरांवरून १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हा त्यांचा निष्कर्ष अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. दुसरी पाहणी त्यांनी कानिटकरांच्या सहकार्याने केली व ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ते गाव म्हणजे शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक. जमिनीचे तुकडे, कर्ज, कोरडवाहू पिके, कुटुंबांचा जमाखर्च, सारे त्यात आहे आणि आज ते इंटरनेट आर्काइव्हवर कोणालाही वाचता येते. त्या पाहणीतील कुटुंबांचे वंशज बहुधा आजही तालुक्यात नांदत असतील.

आमच्या परिचयाच्या सेवकाने या पुस्तकाचा दुवा शोधून गटावर टाकला. तिघांनी तो उघडला. त्यांपैकी एका मुलीने विचारले, ‘काका, हे मराठीत नाही का?’ नव्हते. तेव्हापासून ग्रंथालय बंद केल्यावर ते रोज रात्री एक-दोन पानांचा सारांश मराठीत लिहून काढीत आहेत. कर्जाच्या प्रकरणापाशी ते आले आहेत, आणि तेथील काही संज्ञांचा अर्थ विचारण्यासाठी परवा त्यांचा दूरध्वनी आला होता.