बाळंतिणीला भेटायला जाताना काय न्यावं? झबल्या-टोपड्यांच्या ढिगात आईच राहून जाते

बीड : नात्यात कुणाकडे बाळ झालं की भेटायला जायची घाई होते. तालुक्याच्या बाजारात कापडवाल्याला ‘बाळंतिणीकडं जायचंय, काहीतरी दाखवा’ म्हटलं की तो झबलं, टोपडं, खुळखुळा आणि पावडर-साबणाचं खोकं पुढे करतो. बारशापर्यंत अशी बारा-पंधरा झबली जमतात. दोन-तीन महिन्यांत बाळ त्यात मावेनासं होतं आणि बरीचशी घडी न मोडता पेटीत जातात.

या सगळ्यात आईसाठी काय आलं, असं विचारलं तर पुष्कळ घरांत उत्तर मिळतं, एक ब्लाउजपीस आणि नारळ. खरं तर बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे आईच्या जिवाला जपायचे असतात. अंगातलं रक्त गेलेलं असतं, झोप होत नाही, टाके दुखत असतात आणि बाळाचं पोट तिच्याच दुधावर असतं. म्हणून भेट नेताना आधी आईचा विचार करायला हवा.

बाळंतविडा मुळात आईचाच

आपल्याकडे ही समज जुनी आहे. बाळंतविडा म्हणून माहेरून आणि नात्यातून जे यायचं, त्यात कुंची-दुपट्याबरोबर डिंक, खारीक, खोबरं, अळीव, मेथी, सुंठ, ओवा, बाळंतशोपा आणि घरचं तूप असायचं. डोक्याला बांधायला रुमाल आणि अंगावर घ्यायला मऊ लुगडं असायचं. बाळंतिणीची भूक, तिचं पोट आणि तिची ऊब पाहून तो विडा भरलेला असे. आता त्यातलं खाणं कमी झालं आणि खोक्यातल्या वस्तू वाढल्या.

खाण्याची भेट : लाडू हवेत, पण नुसते लाडू नकोत

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. अळिवाचे किंवा डिंकाचे लाडू इथं कामाला येतात. अळिवात लोह चांगलं असतं आणि डिंकाच्या लाडवात तूप, खोबरं, खारकेमुळे ताकद असते. पण ‘लाडू दिलेत ना’ म्हणून बाकीचं जेवण तोडू नये. काही घरांत बाळंतिणीला पालेभाजी नको, वरण नको, पाणीही कमीच द्या, असं सांगतात. त्याने अशक्तपणा आणि मलावरोध वाढतो. भाकरी, घट्ट वरण, मेथी-शेपूची भाजी, दूध, शेंगदाणे, आणि खात असेल तर अंडी-मटण, हे सगळं तिला लागतं. पाणीही तहानेप्रमाणे भरपूर प्यायला हवं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. बाळंतपणात त्यात आणखी घट होते. म्हणून सरकारी दवाखान्यातून बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी कमी लागते. लिंबू किंवा आवळा असेल तर जास्त लागते. त्यामुळे मिठाईच्या खोक्याऐवजी किलोभर शेंगदाणे, गूळ, डझनभर लिंबं आणि अळिवाची पुडी नेली तर ती भेट रोज उपयोगी पडते.

शेजारणींनी ठरवून आळीपाळीने डबा दिला, तर त्याहून चांगलं. एका घरचा एक दिवस धरला तर दहा घरांत दहा दिवस निघतात. घरात सासू थकलेली आणि जाऊ शेतात असेल तर हा डबाच मोठा आधार असतो.

वस्तू न्यायची तर कोणती?

- पुढून उघडणारे सुती गाऊन, दोन तरी. बाळाला पाजायला सोपं जातं.
- मऊ सुती दुपटी आणि जुन्या धुतलेल्या साड्यांचे लंगोट. नव्या कडक कापडापेक्षा जुनं धुतलेलं कापड बाळाला बरं.
- सॅनिटरी पॅड. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त जातं आणि ते मागायला पुष्कळ बायांना संकोच वाटतो.
- आई आणि बाळ दोघं मावतील अशी मच्छरदाणी.
- गरम पाण्याचा थर्मास आणि झाकणाची बादली.
- चार्जिंगचा दिवा. रात्री वीज गेली की पाजताना, लंगोट बदलताना तोच लागतो.

उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर नेण्यात अर्थ नाही. बाळ थोराड आहे की बारीक, हे विचारून कपडे एक माप मोठे घ्यावेत.

या भेटी मायेच्या, पण नकोत

काजळाची डबी : बाजारच्या काजळात शिसं असू शकतं. घरी केलेल्या काजळानेही डोळे येऊ शकतात. बाळाच्या डोळ्यात काहीच घालू नये.

मध आणि गुटी : वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून जीवघेणा आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं. गुटी नाही, साखरेचं पाणी नाही, साधं पाणीही नाही. सुरुवातीचं पिवळसर चीक दूध तर अजिबात टाकून द्यायचं नाही.

दुधाचा डबा आणि बाटली : आणणारा चांगल्या मनाने आणतो, पण त्यामुळे अंगावरचं पाजणं मागे पडतं. बाटली नीट उकळली गेली नाही तर बाळाला जुलाब होतात. बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आईला नमुने किंवा भेटी वाटायला १९९२ च्या कायद्याने कंपन्यांना मनाई आहे. वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर ते डॉक्टरांनी सांगावं आणि वाटी-चमच्याने द्यावं.

पावडर, गळ्यातली दोरी, मऊ उशी : पावडर उडून बाळाच्या श्वासात जाते. गळ्यातला काळा दोरा किंवा मण्यांची माळ आवळली जाऊ शकते. बाळाला सपाट अंथरुणावर उताणं निजवावं, उशी लागत नाही.

शेगडी : बाळंतिणीला शेक द्यायला कोळसा आणि शेगडी देतात. दार-खिडक्या लावून कोळसा पेटवला तर त्याच्या वायूने माय-लेकरं गुदमरू शकतात. शेक द्यायचाच तर दार उघडं हवं आणि शेगडी बाजेखाली ठेवून झोपायचं नाही.

कामाची भेट सगळ्यात जड

सिझेरियन झालेल्या बाईला काही आठवडे हंडा-कळशी उचलता येत नाही. साधं बाळंतपण झालं तरी लगेच धुणं-भांडी, शेणपाणी करायला लावणं बरोबर नाही. भेटायला गेलेल्या माणसाने पाणी भरून दिलं, लंगोट धुतले, दळण आणलं, किंवा थोरल्या लेकराला दोन तास अंगणात खेळवलं, तर बाळंतिणीला झोप मिळते. मालिशवाल्या मावशीचे आठ-पंधरा दिवसांचे पैसे देणं हीसुद्धा भेटच. फक्त सिझेरियन असेल तर पोटाला मालिश करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

घरच्या पुरुषांसाठीही यात वाटा आहे. नवऱ्याने रात्री एकदा बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढली, लंगोट बदलला, तरी तिला सलग दोन-तीन तास डोळा लागतो.

भेटणाऱ्यांनी बसायचं थोडा वेळ. चहा करायला लावायचा नाही. सर्दी-खोकला असेल तर जायचं नाही. हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही आणि बाळाचे मुके घ्यायचे नाहीत.

कागदाची फेरी मारून द्या

बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. बाळ दवाखान्यात झालं असेल तर नोंद तिथूनच होते, पण दाखला हातात पडलाय का ते पाहावं लागतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत अटींत बसणाऱ्या आईला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५ हजार रुपये मिळतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६ हजार रुपये मिळतात. पहिल्या बाळाचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि लसीकरण झाल्यावर येतो. बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. बाळंतीण घराबाहेर पडू शकत नाही, त्यामुळे दीर, भाऊ किंवा शेजारचा शिकलेला पोरगा ग्रामपंचायत, अंगणवाडी आणि बँकेची फेरी मारून आला तर ते पाच हजारांच्या पाकिटाइतकंच झालं.

लसीसाठी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना बाळाला न्यायचं असतं. वाडी-तांड्यावरून उपकेंद्र लांब असेल तर त्या दिवशी गाडी काढून देणं हीही भेट. आशा ताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की आईला मोकळेपणाने बोलू द्यावं, सासरच्यांनी मध्येच उत्तरं देऊ नयेत.

कोयत्याला जाणाऱ्या आईसाठी

दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ओली बाळंतीण मागे राहिली तर घरात बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसांचीच सोबत असते. टोळीबरोबर गेली तर बाळ कोपीत वाढतं. अशा आईला झबल्यापेक्षा मच्छरदाणी, जाड घोंगडी, पाणी उकळायचं झाकणाचं भांडं आणि महिन्याभराचे लाडू द्यावेत. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात ठेवावं. ते कार्ड दाखवून कुठल्याही सरकारी केंद्रात पुढची लस मोफत घेता येते. निघण्याआधी अंगणवाडी सेविकेकडे स्थलांतराची नोंद करावी.

लेक झाली म्हणून हात आखडू नका

मुलगा झाला की पेढे वाटायला माणसांची रीघ लागते आणि मुलगी झाली की भेटीला येणारेही कमी होतात, हे अनेक घरांनी पाहिलंय. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. मुलगी झालेली आई आधीच टोमण्यांच्या धाकात असते. तिच्याकडे भरला विडा घेऊन, हसत गेलेली आत्या किंवा मामी घरातल्यांना काही न बोलता बरंच सांगून जाते. आणि ‘पुढच्या वेळी मुलगा होईल’ हे वाक्य घरीच ठेवून जावं.

बोलणंही औषध, पण लक्षणं ओळखा

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं पुष्कळ बायांना होतं आणि ते आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही रडू, चिडचिड, बाळाकडे पाहू नये असं वाटणं किंवा जगणं नकोसं होणं असेल तर ते नखरे नाहीत, बाहेरची बाधा नाही, आजार आहे. त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कधीही मोफत बोलता येतं.

काही लक्षणांत मात्र एक तासही थांबू नये. खूप रक्त जाणं, ताप, घाण वास येणारा स्राव, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एका पायाला सूज आणि दुखणं, धाप लागणं. बाळाच्या बाबतीत दूध न ओढणं, अंग गार पडणं किंवा तापणं, जोरजोरात श्वास घेणं, तळहात-तळपाय पिवळे दिसणं. अशा वेळी १०८ ला फोन करावा. भेटायला गेलेल्यानेच घरात हे दोन आकडे भिंतीवर ठळक लिहून द्यावेत. त्याला पैसा लागत नाही.

पुढच्या वेळी कुणाकडे बाळ झालं तर बाजारात जाण्याआधी एक फोन करावा. ‘काय आणू?’ विचारलं तर बाळंतीण ‘काही नको’ म्हणणारच. त्याऐवजी ‘उद्या डबा आणते, आणि पाणी भरून जाते’ असंच सांगावं.