दीपनगर म्हातारे झाले काय?

‘दीपनगर आता म्हातारे झाले’ हे वाक्य भुसावळ परिसरात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की, त्यास पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. मागितलाच, तर क्वार्टर्सच्या भिंतींना आलेले पोपडे, दिसेनासे झालेले जुन्या ओळखीचे चेहरे आणि शाळेच्या हजेरीपटावर रोडावलेली नावे एवढे तीन साक्षीदार उभे केले जातात. आणि त्यांच्या जबानीवरून तरुण निघून गेले व वृद्ध तेवढे मागे राहिले, असा निकाल तत्काळ दिला जातो. वस्तुस्थिती जवळजवळ याच्या उलट आहे, आणि ती समजण्यास अंकगणितापलीकडे कोणतेही शास्त्र लागत नाही.

दीपनगर ही भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. त्या केंद्राचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला. २१० मेगावॉटचे दोन संच १९७९ व १९८२ साली त्यास येऊन मिळाले. समजा, १९८० साली पंचविशीतला एक ऑपरेटर नोकरीवर रुजू झाला. तो २०१३ साली अठ्ठावन्न वर्षांचा झाला, म्हणजेच निवृत्त झाला, आणि ठरलेल्या मुदतीत क्वार्टरच्या किल्ल्या दफ्तरी जमा करून भुसावळात, जळगावात अथवा पुण्यास मुलाकडे राहावयास गेला. नेमक्या त्याच सुमारास ५०० मेगावॉटचे दोन नवे संच वीज देऊ लागले होते. जुने चेहरे दिसेनासे झाले ते याच कारणाने; परंतु जे चेहरे गेले ते वसाहतीतील सर्वांत वयस्क चेहरे होते, आणि वयस्क माणसे निघून गेल्याने वसाहत वृद्ध कशी होते, हे मात्र कोणी सांगत नाही! शाळा शंभर वर्षांची झाली म्हणून दहावीच्या वर्गात शंभर वर्षांचे विद्यार्थी बसत नाहीत. तद्वत क्वार्टरची इमारत जीर्ण झाली म्हणून आतला भाडेकरू जीर्ण होत नाही. नोकरभरती काही वर्षे थांबली, तर कर्मचाऱ्यांचे सरासरी वय चढेल हे खरे. पण निवृत्तीच्या नियमाची कमाल मर्यादा ते कदापि ओलांडणार नाही. नोकरदारांच्या वसाहतीत जे ज्येष्ठ दिसतात ते बहुधा कोणा कर्मचाऱ्याचे आईवडील असतात, आणि त्यांचा मुक्काम मुलाच्या बदलीच्या हुकमावर अवलंबून असतो.

वृद्धत्व साचते ते अन्यत्र. निवृत्तीच्या पैशातून घेतलेल्या प्लॉटांवर, एकाच दशकात, एकाच वयाच्या माणसांनी स्वतःची घरे बांधली की त्या साऱ्या आळीचे केस एकदमच पिकतात, कारण मालकीच्या घरातून वयाच्या दाखल्यावरून कोणास बाहेर काढले जात नाही. टोकियोनजीकच्या तामा नवनगरात १९७१ पासून तरुण कुटुंबे एका लोंढ्याने राहावयास आली, आणि आज तेथील जुने भाग वार्धक्याचे उदाहरण म्हणून जगभर अभ्यासले जातात. तेव्हा एखाद्या उपनगराचे वय पाहावयाचे असेल, तर तेथे कोण कोणत्या वयात येतो आणि कोणत्या वयात जातो, हे आधी विचारावे. रंग उडालेल्या भिंतीस विचारू नये.

राहिला हजेरीपट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ साली सुमारे २.९ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. म्हणजे तितकीच तरुण जोडपी तितक्याच क्वार्टर्समध्ये नांदत असली, तरी पटावरील नावे घटणारच. शाळेतील मुले कमी झाली याचा अर्थ आईबाप म्हातारे झाले असा काढणाऱ्यांस काय म्हणावे?

याच अनुषंगाने ऐकू येणारे आणखी काही गैरसमज:

‘आयुर्मान सत्तर, म्हणजे सत्तरीत माणूस संपला.’ हा आकडा जन्माच्या वेळचा असून त्यात बालमृत्यूही मोजलेले असतात. साठी गाठलेल्या भारतीयास सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षे लाभतात.

‘लोक जास्त जगू लागले म्हणूनच वृद्ध वाढले.’ हे अर्धे सत्य आहे. लोकसंख्येतील वृद्धांचे प्रमाण मुख्यतः जन्म घटल्याने चढते.

‘वृद्धांची संख्या शहरांत अधिक.’ २०११ च्या खानेसुमारीत साठीवरील लोकांचे प्रमाण ग्रामीण भारतात ८.८ टक्के, तर नागरी भारतात ८.१ टक्के होते.

‘ज्येष्ठ नागरिक म्हणजे निवृत्तिवेतन घेणारे आजोबा.’ त्याच खानेसुमारीत साठीवरील स्त्रिया सुमारे ५.३ कोटी, तर पुरुष सुमारे ५.१ कोटी भरले. त्या आजींपैकी बहुसंख्यांच्या नावे निवृत्तिवेतन कधीच नव्हते.

२०२१ ची खानेसुमारी वेळेवर झाली नाही, त्यामुळे अफवांना मोकळे रान मिळाले, हे मान्य. परंतु चुकीच्या समजुतीची किंमत खऱ्या माणसांना मोजावी लागते: ज्येष्ठांसाठी बाके आणि दवाखाना मागणारा अर्ज वसाहतीच्या नावाने लिहिला जातो, आणि जेथे गुडघे खरोखर दुखत आहेत त्या निवृत्तांच्या प्लॉटांचा त्यात उल्लेखही नसतो. पुढील अर्ज लिहिताना पत्ता तेवढा दुरुस्त करावा.