भाजी धुणारी वीज

परवा शेजारच्या काकूंकडे भाजी धुण्याचं यंत्र आलं. पातेल्यात पाणी, त्यात मेथी, वरून एक नळी सोडली की बुडबुडेच बुडबुडे! पाच-दहा मिनिटांत स्वयंपाकघरात उग्र वास भरला. काकू खूश. ‘बघ, कसं स्वच्छ स्वच्छ वाटतंय!’ आणि आतल्या खोलीत त्यांचा दम्याचा नातू खोकायला लागला.

तो वास ओझोनचा. वीज कडाडून गेल्यावर कधीकधी येतो ना, तोच. १८३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाला प्रयोग करताना तो जाणवला आणि ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने हे नाव ठेवलं.

प्राणवायूत दोन अणूंची जोडी असते. वीज ती जोडी फोडते, सुटलेला अणू दुसऱ्या जोडीला चिकटतो आणि तिघांचा ओझोन होतो. हा तिसरा पाहुणा काही टिकत नाही. जंतू असोत की आपली फुप्फुसं, जे सापडेल त्याला जाऊन भिडतो. म्हणून तर फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याचं पाणी ओझोनने शुद्ध होऊ लागलं.

ओझोनला उष्णता मात्र सोसत नाही. हवा तापली की तो मोडून पुन्हा प्राणवायू होतो. यावर तंत्रज्ञांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. वीज सलग द्यायचीच नाही, झटक्यांनी द्यायची. झटका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही छोटा! जोडी फुटते, पण हवेला तापायला वेळच मिळत नाही. मोहरी तडतडली की आपण लगेच गॅस बंद करतो, तसंच.

खरी मेख आहे ती आत जाणाऱ्या हवेत. मोठ्या प्रकल्पांत बहुतेकदा कोरडा, जवळजवळ शुद्ध प्राणवायू वापरतात. घरच्या यंत्रात जाते ती खोलीतलीच हवा. तिच्यात चार भाग नायट्रोजन, जेमतेम एक भाग प्राणवायू, शिवाय पावसाळ्यातली ओल. मग ओझोन कमी होतो आणि सोबत नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ओलीशी मिळून त्यांचं आम्लही बनतं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घरात हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांना ओझोनची मर्यादा घातली आहे: हवेच्या दोन कोटी भागांत एक भाग. नाकाला ओझोन लगेच कळतो खरा, पण थोड्या वेळाने नाक सरावतं. तेव्हा ‘वास गेला’ म्हणजे ओझोन गेला, असं धरून चालू नका. आणि मैत्रिणींनो, पानावरचे जंतू आणि थोडीफार औषधं ओझोनने कमी होतात, पण पानाच्या आत मुरलेलं औषध तो काढत नाही. नळाखाली चोळून धुणं काही सुटत नाही.

काकूंनी विक्रेत्याला फोन करून विचारलं, ‘किती ओझोन निघतो हो यातून?’ त्याला सांगता आलं नाही. यंत्र आता मागच्या अंगणात, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी आहे. नातू शाळेत गेला की मगच बटण दाबतात, आणि स्वतःही दाबून आत निघून येतात.