स्टिअरिंगची जाणीव

मोटारगाडी चालवताना रस्ता व पुढील टायर यांच्यातील बलांची जी माहिती स्टिअरिंगच्या चाकातून चालकाच्या हातांना मिळते, तिला स्टिअरिंगची जाणीव असे म्हणतात.

कार्यतत्त्व

गाडी वळताना टायरवरील पार्श्विक बल हे टायर व रस्ता यांच्या संपर्कक्षेत्राच्या मध्यबिंदूच्या किंचित मागे कार्य करते. त्यामुळे, तसेच वळण-अक्षाच्या कलामुळे (कॅस्टर), चाके पुन्हा सरळ करू पाहणारे आघूर्ण निर्माण होते. चालकाला ते स्टिअरिंगच्या जडपणाच्या रूपात जाणवते. टायरची पकड सुटण्याच्या थोडे आधीच हे आघूर्ण घटू लागते व स्टिअरिंग हलके होते. ओल्या रस्त्यावर गाडी घसरण्यापूर्वी चालकाला मिळणारी ही महत्त्वाची पूर्वसूचना होय.

पॉवर स्टिअरिंगचा परिणाम

क्रायस्लर कंपनीने १९५१ साली इम्पीरियल या गाडीत द्रवचालित पॉवर स्टिअरिंग दिले. १९८८ साली सुझुकी सर्व्होमध्ये विद्युतचालित प्रणाली आली. या प्रणालीत इंजिनावर सतत चालणारा पंप नसल्याने इंधनाची बचत होते. मात्र मोटर व गिअर यांचे घर्षण आणि जडत्व यांमुळे रस्त्याची बारीक कंपने हातांपर्यंत पोहोचताना क्षीण होतात. पोर्शे ९११ च्या ९९१ या पिढीत (२०११) विद्युतचालित स्टिअरिंग आल्यावर समीक्षकांमध्ये याविषयी बरीच चर्चा झाली.

जडपणा आणि जाणीव

स्टिअरिंग जड असणे म्हणजे त्याची जाणीव चांगली असणे नव्हे. संगणकाने वाढवलेला जडपणा टायरवरील बलानुसार बदलत नसेल, तर चालकाचे श्रम वाढतात. माहिती वाढत नाही.